फळ्यावर चाळीस लिहिलंय, साठ नाही

आमच्या खानावळीच्या दाराशी एक फळा आहे. वाडीतली शाळा पटाअभावी बंद झाली तेव्हा सरपंचांना विचारून ह्यांनी तो आणला. वरच्या कोपऱ्यात 'आजचा सुविचार' अजून पुसट दिसतं. रोज सकाळी मी त्यावर लिहिते : सुरमई थाळी, बांगडा थाळी, तिसऱ्यांचं सुकं, शाकाहारी, सोलकढी. एखादी गोष्ट संपली की तिच्यावर आडवी रेघ. गेल्या वर्षापासून खाली एक ओळ वाढली आहे. 'चार्जिंग आत्ता : एका गाडीला ४०, दोघांना २०-२०.'

अंगणात इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचं मशीन आहे. त्यावर कंपनीने वीतभर उंच आकड्यांत ६० छापलंय, म्हणजे साठ किलोवॉट. ते वाचून आत शिरलेला माणूस पंधरा मिनिटांत गल्ल्यावर येऊन माझ्याशी भांडतो. सुरमई संपली म्हटलं तर कोणी भांडत नाही, बांगडा खातात. विजेचं मात्र माणसांना वाटतं, छापलंय म्हणजे असणारच.

आम्ही ओणीच्या पुढे, राजापूरच्या अलीकडे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. मुंबईहून निघालेली गाडी आमच्यापर्यंत येते तेव्हा साडेतीनशेच्या वर किलोमीटर झालेले असतात, माणसं आंबलेली असतात आणि बॅटरी तळाला गेलेली असते. हे हेरूनच दोन वर्षांपूर्वी पुण्याची एक कंपनी जागा विचारत आली. त्यांच्या माणसाने टेप लावून अंगण मोजलं, संडास बघितला, गाडी वळेल का बघितलं, मोबाईलच्या दांड्या मोजल्या. फणसाखाली सावली आहे म्हणून खूश झाला. पिकलेला फणस टपावर पडला तर काय होतं हे मी तेव्हा बोलले नाही. जागेचं थोडं भाडं, युनिटमागे थोडे पैसे. माझा हिशोब त्याहून सरळ होता : गाडी तासभर उभी राहिली की माणसं जेवतात. म्हणजे खरं तर मशीन फार जोरात चाललं तर माझंच नुकसान. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी वेगाच्या बाजूने बोलले तर विश्वास बसेल.

आमच्या भागाचे वायरमनदादा त्या दिवशी जेवायला आले होते. ताटावरून न उठता त्यांनी एकच विचारलं, "लोड किती मागितलाय?"

"साठ किलोवॉट," पुण्याचा माणूस म्हणाला.

दादांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि मला म्हणाले, "वयनी, मशिनीवर कायव लिवा, डीपी काय मोटा होनार नाय."

आता हे डीपी प्रकरण. वाडीच्या तोंडाशी दोन खांबांवर ट्रान्सफॉर्मर बसवलाय, त्याला आम्ही डीपी म्हणतो. नीट बघितलं तर डीपी म्हणजे त्याच्या खालची फ्यूजची पेटी, पण गावात वरपासून खालपर्यंत सगळंच डीपी. ११ हजार व्होल्टची लाईन वर येते, ४३३ होऊन खाली उतरते आणि वाडीत घरोघर जाते. त्याची ताकद केव्हीएमध्ये मोजतात. आमचा होता ६३ केव्हीएचा. कंपनीने पैसे भरून तो १०० चा करून घेतला. मला वाटलं, चला, साठचं मशीन आणि शंभरचा डीपी, चाळीस उरतात. वीजबिल मी वीस वर्षं भरते आहे, तरी माझी समज इतकीच होती.

दादांनी वहीत मांडून दाखवलं. ती वही अजून गल्ल्यात आहे, उधारीच्या पानांच्या मागे. डीपीतून वीज तीन तारांनी निघते, एकेक तार म्हणजे एकेक फेज. १०० केव्हीएचा डीपी दर फेजला १३३ अँपिअर देतो. साध्या दिवशी संध्याकाळी साडेसातला टाँग टेस्टर, म्हणजे अँपिअर मोजायचा चिमटा, तारेभोवती लावून त्यांनी वाचलेलं : एका फेजवर ७२, दुसऱ्यावर ४८, तिसऱ्यावर ५५. घरं, भाताची गिरण, नळपाणी योजनेचा पंप, माझे दोन डीप फ्रीझर, सगळं मिळून. तीन फेज सारखे भरलेले कधीच नसतात, पूर्वीपासून ज्याला जो जवळ पडला तो फेज दिलेला. हिशोब धरायचा तो सगळ्यात भरलेल्याचा. १३३ मधून ७२ गेले, उरले ६१. गाडीला साठ किलोवॉट द्यायचे तर मशीन पंख्यात आणि उष्णतेत थोडं स्वतः खातं, तारेतून ओढतं त्रेसष्टच्या आसपास. दर फेजला ८८ अँपिअर.

६१ उरलेत आणि ८८ हवेत. एवढीच गोष्ट आहे.

म्हणून मंजुरी मिळाली ४५ किलोवॉटची. कंपनीने पुण्यातून मशीनला आतून कुलूप घातलं की तारेतून ४२ च्या वर ओढायचं नाही. गाडीला पोचतात चाळीस. ४२ ला ५९ अँपिअर लागतात, ७२ मध्ये मिळवले की १३१. डीपी गळ्यापर्यंत पाण्यात, पण नाकातोंडात जात नाही. मशीनवरचा ६० मात्र तसाच राहिला, कारण स्टिकर कारखान्यातूनच चिकटवून येतो. मी कंपनीला दोनदा फोन करून सांगितलं की निदान कागद तरी चिकटवा, आत्ता किती मिळतं त्याचा. "मॅडम, ब्रँडिंगचा प्रश्न आहे," म्हणाले. मग मी खडू घेतला.

किलोवॉट आणि युनिट यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगायची माझी एक रीत बसली आहे. कळशी किती भरली ते युनिट, धार किती जाड ते किलोवॉट. गाडीची बॅटरी ४० युनिटांची धरली तर २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला २४ युनिट लागतात. चाळीसच्या धारेने ३६ मिनिटं. विसाच्या धारेने सव्वा तासाला तीन मिनिटं कमी. पहिल्यात जेवण होतं, दुसऱ्यात जेवण, चहा आणि माझ्याशी भांडण.

भांडणाचं मूळ बहुतेक वेळा दुसरी गाडी असते. आमच्या मशीनला दोन गन आहेत, म्हणजे गाडीत खोचायची दोन टोकं, आणि पोटात ३०-३० किलोवॉट देणारे दोन डबे. एकटी गाडी असली की दोन्ही डबे तिच्या सेवेला. दुसरी गाडी आली, गन लावली की एक डबा तिच्याकडे वळतो. पहिल्याच्या पडद्यावर ४० चे २० होतात. तो माणूस तोवर निवांत वडे खात असतो. मोबाईल बघतो, उठतो, बाहेर जातो आणि नव्या आलेल्याकडे असा बघतो जणू पंगतीत त्याच्या पानातला वडा त्याने उचलला. त्या बिचाऱ्याने फक्त गन लावलेली असते. आता मी दुसऱ्याला गन लावायच्या आधी पहिल्याला जाऊन सांगते, "दादा, पाहुणे आलेत, धार अर्धी होईल." मग त्रास होत नाही. माणसाला न सांगता कमी वाढलं की राग येतो.

आणि सगळा दोष डीपीचाही नाही. एका दुपारी मी मुद्दाम बघत उभी राहिले. गाडी एकटीच, पडद्यावर बॅटरीचे ३३२ व्होल्ट. आमच्या गनमधून जास्तीत जास्त १५० अँपिअर जातात. गुणाकार केला तर पन्नासही पुरे होत नाहीत. म्हणजे डीपी उद्या दुप्पट झाला तरी त्या गाडीला आमच्या मशीनवर साठ कधीच मिळाले नसते. साठ हे जास्त व्होल्टच्या बॅटरीला. शिवाय बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी स्वतःच धार बारीक करते, भरत आलेल्या कळशीखाली आपण नळ कमी करतो तशी. मुंबईकरांना पेट्रोलची सवय, टाकी फुल झाल्याशिवाय पंपावरून हलायचं नाही. ऐंशीपासून शंभरपर्यंत जाण्यात जो वेळ जातो त्यात मागची गाडी अर्धी भरून निघाली असती. मी सांगते, "ऐंशीला निघा, कणकवलीपर्यंत आरामात जाल." निम्मे ऐकतात.

व्होल्टेजचा घोळ मला सगळ्यात उशिरा कळला, आणि तोच मला सगळ्यात मजेशीर वाटतो. पूर्वीचा पिवळा बल्ब समजूतदार होता. व्होल्टेज कमी आलं की मिणमिणायचा, कमी खायचा. हे मशीन तसं नाही. त्याला ४२ किलोवॉट ओढायचे म्हणजे ओढायचेच. ४१५ व्होल्ट असतील तर ५९ अँपिअरमध्ये भागतं. संध्याकाळी लाईन दमून ३५० वर आली की तेवढेच किलोवॉट मिळवायला ७० अँपिअर ओढतं. अँपिअर वाढले की लांबलचक तारेत व्होल्टेज आणखी पडतं. ते पडलं की हे आणखी ओढतं. शेवटी एक वेळ अशी येते की मशीन स्वतःच हात टेकतं, लाल दिवा लावतं आणि बंद पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, मशीन बिघडलं. मी अंगणातल्या ट्यूबलाईटकडे बघते. ती फडफडायला लागली की मी आधीच पुण्याला फोन लावते, "धार कमी करा." ते तिथून पाच मिनिटांत पस्तीसवर आणतात. वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं की राजापूरजवळच्या अंगणातली वीज पुण्यात बसून कमी-जास्त करता येईल, तर मी हसले असते. अर्थात टॉवरला रेंज असेल तर. पावसात झाड पडून लाईन गेली की काही वेळाने टॉवरही झोपतो, आणि मग वीज परत आली तरी ॲप उघडत नाही म्हणून गाडी उभी.

हे सगळं साध्या दिवसांचं. साध्या दिवशी आमच्याकडे तीन-चार गाड्या येतात, कधी एकही नाही. चाळीस पुरतात, उरतात. खरी परीक्षा वर्षातून एकदा.

यंदा, म्हणजे २०२५ साली, चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याआधीचे चार दिवस महामार्ग कसा असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण आमच्या डीपीवर त्या दिवसांत काय होतं ते मला यंदाच नीट दिसलं. वाडीतली निम्मी घरं वर्षभर कुलूपबंद. मीटर आहे, वापर नाही. डीपीला ती घरं माहीतच नसतात. चतुर्थीच्या दोन दिवस आधी कुलपं निघतात. फ्रिज लागतात, पंखे, मिक्सर, पाण्याची मोटार, गणपतीसमोरच्या माळा, ओटीवरचा हॅलोजन, भजनाचा माईक. आणि ज्या माणसांनी घरं उघडली तीच माणसं गाड्याही घेऊन आलेली. म्हणजे गाडीला वीज हवी आणि घराला वीज हवी ही वेळ एकच, दिवस तेच, डीपी तोच. वर्षातले साडेतीनशे दिवस आळसावलेला डीपी त्या आठवड्यात घामाघूम.

हरतालिकेच्या संध्याकाळी वायरमनदादा फिरतीवर आले. टाँग टेस्टर लावला. भरलेल्या फेजवर ९५. त्यांनी खांबावर चढून दोन घरं हलक्या फेजवर टाकायचं ठरवलं, पण ते सकाळी, उजेडात. तोवर काय? १३३ मधून ९५ गेले, उरले ३८. मी पुण्याला फोन केला. २५ वर आणा म्हटलं. २५ ला साधारण ३७ अँपिअर लागतात, बसतं. फळ्यावरची ओळ पुसली आणि लिहिलं : 'एका गाडीला २५, दोघांना १२-१२. वाडीत गणपती आहेत.' वर मासे नव्हतेच, गणपतीत आमच्याकडे नसतात. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, अळूवडी, खीर. माझा स्वतःचा उपास, त्यामुळे डोकं आधीच दुखत होतं.

आणि अशा वेळी डोंबिवलीचे भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर. आमच्या घराला लागून त्यांचं घर, वर्षातून दोनदा उघडणारं. यंदा नवी इलेक्ट्रिक गाडी, मागच्या सीटवर आमच्या चुलत सासूबाई, डिकीत मखराचं सामान. बॅटरी १२ टक्के. घरी लावून ठेवावी तर त्यांच्या घरातला पंधरा अँपिअरचा प्लग शिमग्यालाच काळा पडलेला. आणि पहाटे देवगडला जाऊन एकट्या राहणाऱ्या आत्याबाईंना पूजेच्या आत घेऊन यायचं होतं. जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटर धरा. पुढे दोन गाड्या. त्यांचा नंबर लागला तेव्हा आठ वाजून गेलेले. गन लावली, पडद्यावर १२ आला. भाऊजींनी आधी मशीनवरच्या ६० कडे बघितलं, मग माझ्या मुलाकडे.

"साठ लिहिलंय आणि बारा देता? हा काय प्रकार?"

मुलगा फळ्याकडे बोट दाखवतो तोवर भाऊजी माझ्यापर्यंत पोचले होते. "वहिनी, आपल्याच तालुक्यात माडबनला ९९०० मेगावॉटचा प्रकल्प म्हणत होते. वरती कोयना, तिकडे जयगड, अंजनवेल. आख्ख्या जिल्ह्यात वीजच वीज. आणि मला बारा किलोवॉट?"

मुद्दा चुकीचा नव्हता. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे आणि तिचा मोठा भाग पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या पोटात तयार होतो. जयगडला १२०० आहे. अंजनवेलचा गॅसवरचा प्रकल्प १९६७ मेगावॉटचा. माडबनचा अणुप्रकल्प अजून कागदावर. पण ती वीज चार लाख व्होल्टच्या तारांवरून डोंगर ओलांडून जाते. आमच्या वाडीच्या डोक्यावरून गेली तरी खाली उतरत नाही. लग्नाची वरात दारावरून गेली म्हणून आपण काही जेवायला बसत नाही. मी हे असं बोलले नाही, उपास होता. मी म्हटलं, "भाऊजी, चला, टॉर्च घ्या हातात."

वायरमनदादा अजून डीपीजवळच होते. अंधारात ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता, त्याच्या अंगावर रातकिडे. दादांनी पेटी उघडली, आम्हाला चार हात लांब उभं केलं आणि तारेभोवती चिमटा लावून पडदा आमच्याकडे वळवला. भरलेल्या फेजवर १३०. भाऊजी बघत असतानाच तो १३४ झाला.

"ह्या काय?" भाऊजींनी विचारलं. डोंबिवली एका क्षणात गळून पडली होती.

"कुनीतरी मोटार लावलान," दादा म्हणाले. मागे वळून बघितलं तर भाऊजींच्याच घराच्या परसात दिवा लागला होता. चुलत सासूबाईंनी आल्या आल्या विहिरीवरची मोटार चालू केली होती. टाकी शिमग्यापासून रिकामी, पहिलं काम तेच असणार.

आम्ही तिघंही हसलो, पण दादांनी दोन मिनिटं पडद्यावरून नजर काढली नाही. ट्रान्सफॉर्मर थोडा वेळ जास्त भार सोसतो, पण आत तेल तापतं. तो गेला तर चतुर्थीच्या पहाटे आख्खी वाडी अंधारात, आणि दुसरा कुठून आणायचा हे दादांनाच बघायचं. मोटार बंद झाली. १३० वर आलं.

परत येताना भाऊजींनी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. मशीनसाठी वेगळा डीपी का लावत नाही?

आता मला उपासातही तरतरी आली. मी गल्ल्याखालून फाईल काढली.

कंपनीचं मशीनसाठी वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचं चाललंय, २०० केव्हीए, खर्च त्यांचा. खर्च नुसता लावायचा नसतो. मंजूर भार वाढला की गाड्या येवोत न येवोत, दर महिन्याचा स्थिर आकारही वाढतो. वर्षातल्या एका आठवड्यासाठी बारा महिने तो भरायचा. त्यांनी बरीच आकडेमोड केली. मधे एक वेगळी युक्तीही निघाली होती, अंगणात एक मोठी बॅटरी ठेवायची. रात्रभर वाडी झोपलेली असते तेव्हा ती हळूहळू भरायची आणि गाडी आली की जाड धारेने द्यायची. आपण मे महिन्यात तेच करतो. विहिरीचा झरा बारीक झाला की मोठा पंप लावून उपयोग नसतो, अर्ध्या तासात तळ दिसतो. लहान मोटारीने रात्रीतून टाकी भरायची, सकाळी टाकीतून वापरायचं. मला ती युक्ती पटली होती. पण तीन-चार गाड्यांसाठी बॅटरीचा खर्च निघेना, आणि डीपीच स्वस्त पडला. ११ हजारची लाईन आमच्या अंगणापासून तीनशे मीटरवरून जाते. पाच खांब उभे करायचे. त्यातले दोन काजूच्या बागेत येतात.

काजूची बाग सामायिक आहे. सातबारावर २३ नावं. १४ जणांच्या नाहरकती फाईलमध्ये. उरलेल्या नऊ जणांत डोंबिवली आहे. मे महिन्यात मी फोन केला तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, खांब आला की जमिनीची किंमत जाते. विचार करून सांगतो." त्यानंतर त्यांनी गाडी घेतली.

मी कागद समोर ठेवला. बोलले काही नाही. मुलगा आत निघून गेला, त्याला हसू आवरत नव्हतं.

भाऊजींनी चष्मा लावला. एकेक नाव वाचत गेले. काहींना ते ओळखतही नव्हते. "हा कोण?" "तुमच्या आजोबांच्या भावाचा नातू, सुरतेला असतो." "आणि ह्या?" "त्या वारल्या." वाचता वाचता बोट एका नावावर थांबलं. त्यांच्या वडिलांचं नाव होतं. आमचे चुलत सासरे २०१९ साली गेले.

"म्हणजे माझं नाव यात नाहीच?"

"वारस नोंद केली नाहीत तुम्ही. त्या वेळी मी बोलले होते."

"मग मी सही केली तर?"

"कोण म्हणून करणार?"

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. बाहेर त्यांच्या गाडीशेजारची गाडी निघाली, मुलाने ओरडून सांगितलं, "काका, आता पंचवीस!" भाऊजींनी मान वर केली नाही. मी त्यांच्यापुढे उसळ आणि चार वडे ठेवले. दहा वाजता ६१ टक्क्यांवर त्यांनी गन काढली. मागे अजून एक गाडी होती म्हणून. मी ऐंशीचा आग्रह केला नाही, आणि देवगडला जाऊन यायला तेवढी पुरली. आत्याबाई साडेआठला पूजेला हजर.

दादांनी चतुर्थीच्या सकाळी दोन घरांचे फेज बदलले. तो फेज ८३ वर आला. आम्ही ३० पर्यंत चढवू शकलो. विसर्जनापर्यंत डीपी टिकला. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी एकदा त्याचा आवाज ऐकून यायचे, आजारी माणसाचा श्वास ऐकतात तसा.

गौरी-गणपतींचं विसर्जन २ सप्टेंबरला झालं. ३ तारखेला सकाळी वाडीतल्या गाड्या परतीला लागल्या. भाऊजींची उभीच होती. ते मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आधार आणि आईला घेऊन तलाठ्याकडे गेले होते. दुपारी आले. फेरफाराला नोटीस निघेल, पंधरा दिवसांची मुदत, त्यात कोणी हरकत घेतली नाही तर नाव लागेल.

"हरकत कोण घेणार?" मी विचारलं.

"माझ्या बहिणीला विचारायला हवं," ते म्हणाले. "तिचंही नाव लागेल ना. तिचीही सही लागेल."

म्हणजे सासऱ्यांच्या एका नावाच्या जागी आई, भाऊजी आणि बहीण अशी तीन. २३ ची २५ झाली.

घरं बंद झाली. त्या रात्री भरलेल्या फेजवर ६०. दोन घरांचे फेज बदललेत त्यामुळे पूर्वीपेक्षाही हलका. मी पुण्याला फोन करून धार परत ४२ वर न्यायला सांगितली आणि फळा पुसला. बांगडा थाळी, कोळंबी, सोलकढी. खाली, एका गाडीला ४०, दोघांना २०-२०.